आमच्या गल्लीचा हॉल ‘सार्वजनिक’ की खासगी?

गल्लीचा_खजिनदार
सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूर भागात आमची गल्ली. देवळाला लागून हॉल आहे. खाली स्वयंपाकघर, वर दोनशे माणूस बसेल एवढी जागा. जागा देवळाची, बांधकाम गल्लीच्या वर्गणीतलं. बारसं, साखरपुडा, तेरावं, गणपतीतला महाप्रसाद, सगळं तिथंच होतं. कारभार पंच बघतात, पावतीपुस्तक माझ्याकडं असतं.

गेल्या दीड महिन्यात चार भानगडी झाल्या आणि चारही वेळा वाद एकच, ही जागा सार्वजनिक का खासगी.

एका साखरपुड्यात रात्री सव्वादहाला पोलीस आल्ते, स्पीकर बंद करा म्हणून. मुलाचा मामा तावातावानं पुढं झाला, “भाडं भरलंय, चार भिंतींच्या आत आहोत, आमचा खासगी कार्यक्रम आहे.” पोलीस म्हणाले, हॉल सार्वजनिक आहे.

नंतर एक गृहस्थ गाणी वाजवायचं लायसन काढलंय का म्हणून विचारत आले. त्यांना मात्र आमच्याच पंचांनी सांगितलं, जागा खासगी आहे.

तिसरं, मागच्या गॅलरीत आमचे एक ज्येष्ठ पंच बिडी ओढत उभे होते. पाहुण्यांतल्या एका पोरीनं सरळ सांगितलं, काका, इथं दंड आहे. काका अजून रुसलेत.

चौथं, गल्लीबाहेरच्या एका कुटुंबाला आम्ही हॉल दिला नाही. हॉल गल्लीपुरता आहे असं सांगितलं. त्यांनी सार्वजनिक हॉल असा नाकारता येत नाही म्हणून अर्ज दिलाय.

तर कायद्यात नेमकी व्याख्या काय? एकदा कळली की पेंटरला बोलावून बोर्डच लावतो, म्हणजे कटकट मिटली.


बेंजो_मास्टर
सोमवार, रात्री ११.०५

दोन बोर्ड करा की ओ. पोलीस आले की खासगीचा लावायचा, वर्गणी मागायची असली की सार्वजनिकचा.


कोर्ट_रोडवाली
मंगळवार, सकाळी ७.१५

खजिनदार काका, बोर्डाचे पैसे वाचवा. ‘सार्वजनिक जागा’ अशी एकच, सगळीकडं चालणारी व्याख्या आपल्याकडं नाही. प्रत्येक कायदा आपल्यापुरती व्याख्या करतो, कारण प्रत्येकाला अडवायची गोष्ट वेगळी असते. कोणाला धूर अडवायचाय, कोणाला आवाज, कोणाला भेदभाव. त्यामुळं तुमचा हॉल एकाच संध्याकाळी एका कायद्याला सार्वजनिक आणि दुसऱ्याला खासगी असू शकतो. पक्षकारांना हे पटवताना माझा घसा दुखतो, पण आहे ते असं आहे.

रुसलेल्या काकांपासून सुरू करू, ते सोपं आहे. तंबाखूचा कायदा २००३ चा. त्यात सार्वजनिक जागा म्हणजे लोकांना जाता येतं अशी कुठलीही जागा, ‘हक्कानं असो वा नसो’. पुढं यादी आहे: सभागृह, दवाखाना, रेल्वेचं वेटिंग रूम, हॉटेल, कचेरी, कोर्ट, शाळा, वाचनालय, सार्वजनिक वाहन. उघडी मोकळी जागा वगळली होती. पण २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बसथांबा अशा लोकांच्या वावराच्या जागा त्या सवलतीतून काढून घेतल्या. तुमच्या हॉलची गॅलरी हा इमारतीचाच भाग, तिला मोकळं रान म्हणता येणार नाही. केंद्राच्या कायद्यात दंड २०० रुपयांपर्यंत होता, कर्नाटकानं दुरुस्ती करून तो १००० केलाय. पोरगी बरोबर होती.

आता त्या व्याख्येतले चार शब्द परत वाचा, ‘हक्कानं असो वा नसो’. सगळी गंमत तिथं आहे. मोटार वाहन कायद्यात, १९८८ च्या, सार्वजनिक जागा म्हणजे रस्ता, गल्ली, वाट किंवा अशी जागा जिथं लोकांना जाण्याचा हक्क आहे, शिवाय बस जिथं माणसं चढवते-उतरवते तो थांबा. इथं हक्क शब्दाला वजन आहे. तिकडं नुसता वावर पुरतो.

मालकी कुणाची हा प्रश्न या दोन्ही व्याख्यांत नाही. लोक पहिल्यांदा तोच विचारतात. उतारा कुणाच्या नावावर आहे? उतारा असू दे की कुणाच्याही नावावर.


चोर्ला_घाट_रायडर
मंगळवार, सकाळी ९.३०

ताई, मग गाडी कशात बसते? एका मित्राचं विचारतो. गोव्याहून येताना चेकपोस्टवर तो म्हणाला, गाडी माझी, आरसी माझ्या नावावर, आतली जागा खासगी.


कोर्ट_रोडवाली
मंगळवार, सकाळी ९.५०

मित्राला नमस्कार सांगा.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आहेत, दोन्ही खासगी गाडीबद्दलचे. पहिला २०१९ चा, बिहारमधला. झारखंडातून पाटण्याकडं निघालेली माणसं नाक्यावर अडवली. गाडीत बाटली सापडली नाही, श्वासाच्या तपासणीत दारू निघाली. त्यांचं म्हणणं तुमच्या मित्रासारखंच. कोर्ट म्हणालं, बिहारच्या दारूबंदी कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे लोक हक्कानं असो वा नसो पोचू शकतात अशी जागा. गाडी सार्वजनिक रस्त्यावर असली की लोकांना तिच्यापर्यंत पोचायची संधी असते. म्हणून गाडी सार्वजनिक जागा.

दुसरा २०२१ चा, बूटा सिंग विरुद्ध हरियाणा. जीप, तीही रस्त्यावरच, आत अफूच्या बोंडांचा चुरा. अमली पदार्थांच्या कायद्यात सार्वजनिक जागेच्या खुलाशात सार्वजनिक वाहन, हॉटेल, दुकान आणि लोकांसाठी असलेली किंवा लोकांना जाता येणारी जागा येते. कोर्ट म्हणालं, खासगी जीप त्यात बसत नाही. त्यामुळं झडतीचे जे कडक नियम पोलिसांनी पाळायला हवे होते ते पाळले नाहीत, आणि माणसं सुटली.

दोन वर्षांच्या अंतरानं दोन निकाल, आणि दोन्ही आपापल्या कायद्याच्या शब्दांना धरून बरोबर. मित्र गोव्याहून काय आणत होता त्यावर उत्तर अवलंबून आहे.


चोर्ला_घाट_रायडर
मंगळवार, सकाळी ९.५२

काजू.


उसाचा_फड
मंगळवार, दुपारी १.२०

निपाणीकडून. वकीलताई हक्काचं बोलल्या म्हणून सांगतो. आमच्या चुलत्यांच्या पायावरून साखर कारखान्याच्या आवारात ट्रॉलीचं चाक गेलं. काट्यापुढं रांग होती, रात्रीची वेळ. विमा कंपनीनं हात वर केले. पॉलिसी ‘सार्वजनिक जागेतल्या’ अपघाताला लागू, आणि आवाराला भिंत आहे, गेट आहे, गेटवर वॉचमन आहे, म्हणून आवार खासगी. आमचं म्हणणं, अहो हंगामात तालुक्यातली सगळी रयत तिथं रात्र काढतेय, चहाची टपरीसुद्धा आतच.

आमच्या वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा १९८८ चा निकाल पुढं ठेवला. लोकांना प्रवेश आहे ना, मग तो खुला असो वा गेटवर अडवून दिलेला असो, जागा खासगी मालकीची असली तरी या कायद्यापुरती सार्वजनिक. समोरचा वकील म्हणाला, हे मुंबईचं, आपण कर्नाटकात. चुलते म्हणाले, हितंबी सीमाप्रश्न आलाच काय?

तीन वर्षं गेली, पण पैसे मिळाले.


कोर्ट_रोडवाली
मंगळवार, दुपारी १.४५

समोरचा वकील तांत्रिकदृष्ट्या खोटं बोलला नाही. दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचा निकाल इथं बंधनकारक नसतो. पण वाचून दाखवता येतो, आणि युक्तिवाद पटला तर न्यायाधीश घेतात.


डॉल्बी_नको_बाबा
मंगळवार, संध्याकाळी ६.१०

मी खजिनदारांच्या मागच्या गल्लीत राहतो. आवाजाचं मला विचारा. तक्रारी लिहून लिहून नियम पाठ झालेत.

ध्वनिप्रदूषण नियम, २०००. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. अपवाद बंदिस्त जागेचा, आतल्या माणसांना ऐकू येण्यापुरता. त्यात सभागृह, कम्युनिटी हॉल, बँक्वेट हॉल यांची नावंच लिहिलीत. म्हणजे मुलाचा मामा अर्धा बरोबर होता. पण हॉलला बारा खिडक्या, त्यातल्या अकरा उघड्या आणि एक डॉल्बी जिन्यात. याला बंदिस्त म्हणायचं तर माझ्या घरालाही मोकळं मैदान म्हणा.

आणि एक मजा सांगतो. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सार्वजनिक जागेत स्पीकर लावला तर तिच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा १० पर्यंत जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते चालतं. खासगी जागेत स्वतःची सिस्टीम लावली तर हद्दीवर फक्त ५ जास्त. तेव्हा मामांनी खासगी खासगी म्हणून ओरडून स्वतःचेच ५ डेसिबल घालवले!

सणासुदीला राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षात सगळे मिळून १५ दिवसच. शिवजयंतीची मिरवणूक आणि अनंत चतुर्दशी धरून मोजा. साखरपुडा त्यात येत नाही.


बेंजो_मास्टर
मंगळवार, संध्याकाळी ६.४०

आम्ही वाजवतो ते ४५ डेसिबलात बसवायचं तर बेंजोवर शाल टाकून वाजवायला पाहिजे.

गाण्यांच्या लायसनचं कोणीतरी सांगा. आम्हालाबी तोच माणूस भेटला.


कोर्ट_रोडवाली
मंगळवार, रात्री ८.३०

इथं तर जागेचा प्रश्नच मागं पडतो, प्रसंग कुठला ते बघितलं जातं. कॉपीराइट कायदा १९५७ चा, कलम ५२. खरोखरीच्या धार्मिक विधीत किंवा सरकारी समारंभात गाणं वाजवलं तर हक्कभंग होत नाही. आणि खुलासा असा की धार्मिक विधीत लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित सामाजिक समारंभ धरायचे. जुलै २०२३ मध्ये केंद्रानं जाहीर सूचना काढून तेच परत सांगितलं. शेजारी गोवा सरकारनंही २०२४ मध्ये त्या धर्तीवर परिपत्रक काढलं, पण ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं. कायद्यात आहे त्याहून जास्त परिपत्रकातून देता येत नाही म्हणून. कायद्यातली सवलत आहे तिथं आहे. परिपत्रक दाखवून ती रुंद करता येणार नाही, एवढंच.

साखरपुडा हा लग्नाशी निगडित समारंभ आहे असं मी ठामपणे मांडेन. पण ३१ डिसेंबरला तिकीट लावून त्याच हॉलात डीजे नाइट केलीत तर तो माणूस परत येईल आणि तेव्हा त्याचं बरोबर असेल. तेव्हा ‘खासगी जागा’ हे उत्तर कामाला येणार नाही. याच कायद्यात हॉटेलच्या राहायच्या खोल्यांत एकाच वेळी केबलवरून दाखवलेला कार्यक्रमसुद्धा ‘जनतेला’ दाखवला असं धरलंय. खोलीला आतून कडी असते, तरी!


आजीची_नात
मंगळवार, रात्री ९.००

मध्येच बोलते. हॉल वर आहे, लिफ्ट नाही, रॅम्प नाही. माझ्या आजीला नातवाच्या बारशाला खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून नेलं, आणि ती वर पोचेपर्यंत रडत होती. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात ‘सार्वजनिक इमारत’ची व्याख्या आहे: सरकारी असो वा खासगी, लोक वापरतात ती. धार्मिक, सांस्कृतिक, करमणुकीच्या इमारतीसुद्धा. पंचांच्या वहीत हेही लिहून ठेवा.


गल्लीचा_खजिनदार
मंगळवार, रात्री ९.४५

लिहून ठेवलं. सगळ्यांचे आभार, विशेषतः ताईंचे. तीन मुद्दे सुटले. चौथ्याचं मात्र कोणी बोललं नाही. गल्लीनं गल्लीसाठी बांधलेला हॉल बाहेरच्याला नाकारता येतो का? सोसायटीचा हॉल असतो तसाच हा.


टेकडीपलीकडचा
मंगळवार, रात्री १०.१५

मी इथं वाचतो, लिहीत नाही सहसा. दोन प्रश्न आहेत.

गल्लीबाहेरच्यांना देत नाही म्हणता. गेल्या वर्षी अनगोळच्या एका लग्नाला मी तुमच्याच हॉलात जेवून आलोय, वर पहिल्या पंगतीत. ते कुठल्या गल्लीतले होते?

आणि त्या कुटुंबानं अर्ज कुठल्या ऑफिसात दिलाय?


डॉल्बी_नको_बाबा
मंगळवार, रात्री १०.३०

मीही एक विचारतो. जिन्याच्या डाव्या हाताला जी फरशी आहे, तिच्यावर आमदार निधी असं कोरलेलं मी रोज वाचतो. वर्गणीतलं बांधकाम म्हणालात.


सीमावासी_पक्का
मंगळवार, रात्री ११.००

उगाच दुसऱ्या दिशेला नेऊ नका धागा. माणूस कायद्याचा प्रश्न विचारतोय. आपली जागा, आपण ठरवू कुणाला द्यायची. हे सगळीकडं चालतं.


टेकडीपलीकडचा
मंगळवार, रात्री ११.०५

मी कायद्याचाच प्रश्न विचारलाय.


गल्लीचा_खजिनदार
बुधवार, सकाळी ६.३०

रात्री झोप लागली नाही, म्हणून आत्ता लिहितो.

फरशी आहे. वरच्या स्लॅबला निधीतले पैसे आलेत. खालचं वर्गणीचं, तेवढंच मी लिहिलं.

अनगोळच्या लग्नाची पावती मीच फाडली होती. बाहेरच्यांच्या पावत्या वर्षाला आठ-दहा असतात, भाडं थोडं जास्त घेतो.

अर्ज समाजकल्याण खात्यात दिलाय.

ते लोक ॲडव्हान्स घेऊन आले तेव्हा मी पावतीपुस्तक उघडलं होतं, पेन हातात होतं. एका पंचांनी आडनाव विचारलं, मग पत्ता विचारला, आणि म्हणाले, हॉल गल्लीपुरता आहे. मी पुस्तक मिटलं. त्या माणसानं काही वाद घातला नाही, नुसतं विचारलं, “म्हणजे खासगी आहे काय?” मी म्हणालो, व्हय.

माझा प्रश्न तिथून आला. इथं आधी असं लिहायला धीर झाला नाही.


कोर्ट_रोडवाली
बुधवार, सकाळी ८.००

काका, लिहिलंत हे बरं केलंत. आता उत्तर सरळ देते, गोड करून देत नाही.

राज्यघटनेचं कलम १५(२). दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, यांत जायला कोणाला जातीवरून अडवता येत नाही. तसंच विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि लोकांच्या वावराच्या जागा, ज्या पूर्णपणे किंवा अंशतः सरकारी पैशातून चालतात किंवा लोकांच्या वापरासाठी अर्पण केल्यात. ‘अंशतः’ शब्द बघा. तुमची फरशी त्या शब्दाच्या अगदी जवळ उभी आहे.

त्याच्या पुढचा १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा. कलम ४ मध्ये नदी, विहीर, स्मशान, रस्ता, धर्मशाळा अशी लांब यादी आहे आणि त्यात परत परत एक शेपूट येतं: ‘सर्वसाधारण जनतेसाठी किंवा तिच्या एखाद्या गटासाठी’ खुली असलेली जागा. हे शेपूट मुद्दाम लावलंय. ‘आमचा हॉल फक्त गल्लीसाठी’ हे उत्तर कायदा करणाऱ्यांनी आधीच ऐकलेलं होतं. गल्ली हासुद्धा जनतेचा एक गटच. शिक्षा एक महिना ते सहा महिने कैद आणि दंड.

कलम १२ तर वाचाच. नाकारलेला माणूस अनुसूचित जातीचा असेल तर कोर्ट धरून चालतं की अस्पृश्यतेच्या कारणानंच नाकारलं. तसं नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. आणि तुमच्या पावतीपुस्तकात अनगोळची पावती आहे. ॲट्रॉसिटी कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीनंतर सार्वजनिक जागेत प्रवेश अडवणं हा वेगळा गुन्हा आहे.

सोसायटीच्या हॉलचा दाखला देऊ नका. सोसायटीचे सभासद मोजता येतात. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देवकी नंदन विरुद्ध मुरलीधर या प्रकरणात देऊळ खासगी की सार्वजनिक हे ठरवताना जवळपास हीच कसोटी लावली. लाभ घेणारी माणसं ठरावीक आणि नावानिशी सांगता येण्याजोगी आहेत, की सतत बदलणारा समूह आहे? घरातल्या देवघराला घरची माणसं. तुमच्या गल्लीत उद्या कोणी भाड्यानं राहायला आलं तर त्याला महाप्रसादाला बसवता ना?


सीमावासी_पक्का
बुधवार, सकाळी ९.१०

कायदा शिकवा, पण सगळी गल्ली गुन्हेगार असल्यासारखं बोलू नका. आधीच इथं मराठी माणसाच्या मागं कमी कटकटी आहेत का? परिपत्रक मराठीतून द्या म्हणून भांडायचं, मैदान द्या म्हणून भांडायचं.


जुनी_पानं
बुधवार, दुपारी १२.००

खानापुरातून एक निवृत्त मास्तर. सीमावासी बाळ, मैदानाचं तूच काढलंस म्हणून लिहितो. मेळाव्याला मैदान नाकारलं की आपण काय म्हणतो? मैदान जनतेचं आहे. तेव्हा आपण उतारा मागत नाही.

जुनं सांगायचं तर बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबईकडं होता. त्यामुळं ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव आपल्यालाही लागू होता. त्याची भाषा वकीलबाईंनी सांगितलेल्या कलमांची आजी शोभते: सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शिवाय सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. ‘कुणाच्या पैशातून’ हा निकष तिथंही आहेच.

१९२५ मध्ये डॉ. आंबेडकर आपल्या निपाणीला परिषदेसाठी आले होते. दोन वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडचं चवदार तळं झालं. सगळे सत्याग्रहापाशी थांबतात, पुढचा दिवाणी दावा कोणी वाचत नाही. दावा लावणाऱ्यांचं म्हणणं काय होतं? तळं सार्वजनिक नाहीच, आणि अस्पृश्यांनी पाणी न भरण्याची वहिवाट पूर्वापार आहे. हा दावा खालच्या कोर्टांतून फिरत उच्च न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ ला निकाल लागला. ती पूर्वापार वहिवाट सिद्ध झाली नाही. दहा वर्षं गेली त्यात.

खजिनदारांनी ‘व्हय, खासगी आहे’ म्हटलं ते वाचून मला तो दावा आठवला. त्यांचा राग आला नाही. पावतीपुस्तक माझ्या हातात असतं तर मी काय केलं असतं, ते तीस वर्षांपूर्वीचं माझं मला ठाऊक आहे.


उसाचा_फड
बुधवार, दुपारी १२.३०

गुरुजी, 🙏. आमच्या निपाणीत त्या परिषदेचं नाव अजून निघतं.


आजीची_नात
बुधवार, दुपारी २.१५

मैदानावरून एक शंका. आमच्या बागेत सकाळी हास्यक्लब असतो, तीस-चाळीस जण. मध्यंतरी दहापेक्षा जास्त लोक जमायला परवानगी लागते असं कोणीतरी म्हणालं, बायका यायच्या बंद झाल्या.


कोर्ट_रोडवाली
बुधवार, दुपारी ३.००

ऑक्टोबर २०२५ चा राज्य सरकारचा आदेश. सरकारी मालकीचे रस्ते, बागा, मैदानं अशा ठिकाणी संघटनांनी विनापरवाना दहापेक्षा जास्त लोक जमवायचे नाहीत असा. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठानं त्याला अंतरिम स्थगिती दिली. हसायला या म्हणावं.


टेकडीपलीकडचा
बुधवार, रात्री ९.००

खजिनदार काका, तुम्ही खरं लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमच्यासारखं पुस्तक मिटणारी माणसं खूप भेटली. मिटलं म्हणून सांगणारं पहिलंच.

पण ती तारीख निघून गेली असेल ना?


गल्लीचा_खजिनदार
पुढचा सोमवार, रात्री ११.३०

तारीख निघून गेली. त्यांनी घरापुढं मंडप घालून साखरपुडा केला. मी काल जाऊन आलो. चहा दिला त्यांनी. मुलीचे वडील म्हणाले, अर्ज मागं घेणार नाही, हॉलसाठी नाही, पुढच्या माणसासाठी. मी घ्या म्हणालोही नाही.

काल रात्री पंचांची बैठक झाली. ताईंचा बुधवारचा मजकूर मी मोठ्यानं वाचून दाखवला. एक पंच उठून गेले. ज्यांनी पत्ता विचारला होता ते बसून राहिले, बोलले नाहीत. बिडीवाले काका, ज्यांच्याकडून मला काही आशा नव्हती, ते म्हणाले, “फरशीवर आमदाराचं नाव घालताना सार्वजनिक होतं, आता कसं खासगी झालं?” शेवटी तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं: हॉल मागेल त्याला, भाडं सगळ्यांना एकच, गल्लीतल्यांना सवलत नाही. सवलत गेल्याचा राग निम्म्या गल्लीला माझ्यावर आलाय. खिडक्या रात्री दहाला बंद करायच्या हेही ठरलं. लिफ्टला पैसे नाहीत, म्हणून खालच्या स्वयंपाकघरापुढची पडवी आजारी-म्हाताऱ्यांच्या कार्यांसाठी मोकळी करतोय.

पेंटर आला होता. काय लिहायचं विचारत होता. नुसतं भाडं आणि फोन नंबर लिही म्हटलं.

ताई, खात्याकडून नोटीस आलीये, पंधरा दिवसांत म्हणणं मांडा म्हणून. मसुदा लिहिलाय. एकदा नजर टाकाल का?


कोर्ट_रोडवाली
पुढचा मंगळवार, सकाळी ७.००

पाठवा. बाहेरच्यांच्या सगळ्या पावत्यांची झेरॉक्स जोडा, अनगोळची धरून. एकही वगळू नका.